माहेरपणाची रजा

गेल्या जुलैत आमच्या घरी नात आली. म्हणजे तळेगावच्या दवाखान्यातून लोणावळ्याच्या घरी आली. बाहेर आमचा नेहमीचा पाऊस, दाराबाहेर पाच फुटांवर दिसू नये असं धुकं, आणि आत ओळीने वाळत टाकलेली, काही केल्या न वाळणारी लंगोटं. लोणावळ्यात जुलैत बाळंतपण करू नये असं माझी आई म्हणायची, ते का हे वयाच्या साठीनंतर कळलं. :-)

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण माहेर म्हणजे काय, तर आई. लेकीची आई तीन वर्षांपूर्वी गेली. मग माहेर म्हणून उरलो मी, एक निवृत्त सुपरवायझर, ज्याला चहा आणि खिचडी सोडून काही येत नाही. विहीणबाई यायला तयार होत्या, पण त्यांच्या घरी नव्वदीच्या सासूबाई अंथरुणावर. त्या फोनवर म्हणाल्या, "दादा, मी कोणाला सोडून येऊ ते तुम्हीच सांगा." काय सांगणार?

मग जावई आले. चार दिवस आले असतील असं तुम्हाला वाटेल, पण ते पुरते अठरा दिवस राहिले. कंपनीने बाप झाल्याबद्दल पाच दिवस दिले, उरलेली सगळी हक्काची रजा. साहेब हसून म्हणाला म्हणे, "बाळंतपण तुझं आहे का बायकोचं?" जावयांनी ते आम्हाला हसत हसतच सांगितलं. लेक मात्र हसली नाही.

त्याच आठवड्यात टोरांटोहून भाच्याचा फोन आला. त्याला मार्चमध्ये मुलगा झाला होता. तो म्हणाला, "मामा, मी आता घरीच आहे, माझा पाळा चालू आहे." मला वाटलं नोकरी गेली! मग त्याने समजावलं. तिकडे जन्म देणाऱ्या आईला १५ आठवडे वेगळे. त्यानंतरचे ४० आठवडे आईबापांनी आपसात वाटून घ्यायचे, पण एकाने ३५ पेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. म्हणजे एकट्या आईनेच घेतले तर पाच आठवडे वाया जातात. पगार पुरा मिळत नाही, साधारण ५५ टक्के आणि त्यालाही वरची मर्यादा, पण तो सरकारी बेकारी विम्याच्या निधीतून येतो. मालकाच्या खिशातून नाही. २०१९ पासून असं आहे म्हणाला.

फोन ठेवला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्याकडे हे कुठून सुरू झालं? बाळंतिणीला पगारी रजा द्यावी हे पहिल्यांदा कोणाला सुचलं? आणि त्यात बाप कुठेच कसा नाही? रात्री नात जागवायचीच, तेव्हा वाचायला वेळ भरपूर होता. जे सापडलं त्यातलं बरंचसं आमच्या मावळाच्या पाण्याशी निघालं, म्हणून लिहायला बसलो.

सुरुवात पाण्यापासूनच करतो. लोणावळा, वलवण आणि शिरोता ही तळी पर्यटकांना भजी खायची जागा वाटतात. ती बांधली टाटांनी, वीज करायला. १९११ मध्ये काम सुरू झालं आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर चालू झालं. इकडचं पाणी नळांतून घाट उतरून खोपोलीला पडायचं आणि तिकडे परळ-लालबागच्या गिरण्या फिरायच्या. मग १९२२ मध्ये आंदर मावळातल्या ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचं वीजघर आलं. मुंबईचा धूर कमी झाला, गिरणीमालकाचा कोळसा वाचला.

माझी पणजी वलवणच्या धरणावर दगडाच्या पाट्या वाहायची. आजी सांगायची की पणजीचा धाकटा मुलगा कामावरच्या झोपडीत झाला आणि पाचवीची पूजा झाल्यावर ती परत पाटी उचलायला गेली. आजी हे कौतुकाने सांगायची. "आमच्या सासूबाई खमक्या!" लहानपणी मलाही कौतुक वाटायचं. आता, अठरा दिवस लेकीला उठता-बसताना पाहिल्यावर, कौतुक वाटत नाही.

पाणी घाट उतरून गेलं तशी माणसंही गेली. मावळातले कोणी डबेवाले झाले, कोणी गोदीत गेले, कोणी गिरणीत. आणि गिरणीत फक्त पुरुष नव्हते. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचात एक बाई होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. मजुरी पुरुषापेक्षा कमी. बाळंतपण आलं की खाडा, आणि खाडा म्हणजे पगार नाही. मग दिवस भरेपर्यंत काम करायचं आणि उठता येईल तशी परत यायचं. तान्हं पोर चाळीत. ते रडू नये म्हणून बाळगोळी द्यायची. बाळगोळी म्हणजे अफूची गोळी. ती पोटात गेली की पोर संध्याकाळपर्यंत निपचित. दुष्ट आया नव्हत्या त्या. त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे ठराव झाला की बाळंतिणीला बारा आठवडे रजा आणि त्या काळात पोटापुरता पैसा मिळावा. त्या परिषदेला हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते आपले नारायण मल्हार जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, पुण्यात शिकलेले, भारत सेवक समाजाचे. पुढच्याच वर्षी आयटक उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांनी १९२४ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती रजेचं विधेयक मांडलं. ते १९२५ मध्ये पडलं. इथल्या बायका बाळंतपणाला गावी जातात, त्यांना कायद्याची गरज काय, असा एक सूर तेव्हा असायचा. म्हणजे पुन्हा माहेर! सरकारने आणि मालकांनी जे करायचं ते सगळं आमच्या मावळातल्या आणि कोकणातल्या आज्यांच्या गळ्यात.

मग मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात १९२८ मध्ये आसवले नावाच्या सभासदांनी तसंच विधेयक आणलं. (हे आडनाव आंदर मावळातल्या माणसाला ओळखीचं वाटेल.) २८ जुलै १९२८ ला त्यावर चर्चा झाली आणि विधेयकाच्या बाजूने बोलायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा ते ३७ वर्षांचे होते आणि कायदेमंडळात नेमलेले सभासद होते. तळेगाव दाभाड्यात त्यांचा बंगला आहे, स्मारक म्हणून लोक तिथे जातात. पण त्यांचं हे भाषण आमच्याकडे फारसं कोणी सांगत नाही.

त्यांचा मुद्दा दोन पदरांचा होता. एक, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, म्हणून याचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा. दोन, म्हणून मालक सुटत नाही. काही कामांना तो बाईलाच ठेवतो, कारण पुरुषापेक्षा बाई ठेवण्यात त्याचा जास्त फायदा असतो. फायदा घेतोस तर खर्चातही वाटा दे.

१९२९ मध्ये कायदा झाला. हिंदुस्थानातला या विषयावरचा पहिला कायदा. बाळंतपणाच्या आधी तीन आणि नंतर चार असे सात आठवडे, रोजचे आठ आणे, आणि त्यासाठी आधीची काही महिन्यांची नोकरी. पुढच्या वर्षी मध्य प्रांताने तसाच कायदा केला. आठ आणे आज हसू येण्याजोगे वाटतील, पण ज्या बाईला शून्य मिळत होतं तिला विचारा.

पण यात एक मेख राहिली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भाषणातला पहिला पदर, सरकारने भार उचलावा हा, कायद्यात आलाच नाही. सगळे पैसे एकट्या मालकावर. मग मालकाने काय केलं असेल? आपण मालक असतो तर काय केलं असतं? बाई ठेवायचीच नाही! पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका कमी कमी होत अगदी थोड्या उरल्या. याचं खापर एकट्या या कायद्यावर फोडणं चूक आहे. बायकांना रात्रपाळीची बंदी होती, नवी यंत्रं आली, रीलिंगसारखी खाती आटली. पण बाई म्हणजे जादा खर्च हा हिशेब मालकाच्या वहीत कायमचा चढला तो तेव्हापासून.

पुढचं भराभर सांगतो. १९४१ मध्ये खाणींसाठी कायदा आला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते, तेव्हा त्यांनी त्यात सुधारणा केल्या. १९४८ मध्ये कामगार विमा कायदा, म्हणजे ईएसआय. इथे पहिल्यांदा खर्च एका मालकावर न पडता सगळ्यांच्या वर्गणीच्या निधीतून देण्याची सोय झाली. टोरांटोच्या भाच्याला जे मिळतं त्याचं तत्त्व हेच. पण ठरावीक पगाराच्या आतल्यांनाच ते लागू, आता ही मर्यादा महिना २१ हजार आहे. बाकीच्यांसाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. बारा आठवडे, पुन्हा मालकाच्या खिशातून. २००० साली सुप्रीम कोर्टाने दिल्ली महापालिकेच्या खटल्यात रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे असं सांगितलं. २०१७ मध्ये बाराचे सव्वीस आठवडे झाले, पन्नास आणि त्यापुढे माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदाच सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला. सव्वीस आठवडे तसेच राहिले.

बापाचं काय? बाप पहिल्यांदा सरकारी कागदावर आला १९९७ मध्ये. पाचव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा सुरू झाली, पहिल्या दोन मुलांपुरती. माझा धाकटा भाऊ रेल्वेत. त्याच्या मुलाच्या वेळी त्याने ती घेतली. त्या पंधरा दिवसांत त्याने घराला रंग काढला, जेजुरीला जाऊन आला आणि क्रिकेटची एक मालिका पाहिली. वहिनी कामशेतला माहेरी होती! रजा होती बापाची, पण बापाला कामच नव्हतं. रिवाजाने त्याला बाराव्या दिवशी पेढे घेऊन येण्यापुरतंच बोलावलं होतं.

खाजगी कंपनीतल्या बापाला आजही कायद्याने एक दिवससुद्धा नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचं खाजगी विधेयक आणलं होतं. पंधरा दिवस, वाढवून तीन महिन्यांपर्यंत, आणि असंघटित कामगारांनासुद्धा. ते मंजूर झालं नाही. सातव २०२१ मध्ये अकाली गेले. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रिया सुळे यांनी याच विषयावर पुन्हा खाजगी विधेयक मांडलं. शंभर वर्षांपूर्वी ना. म. जोशी, मग सातव, मग सुळे. या विषयाची विधेयकं मांडायला मराठी माणूस पुढे असतो खरा.

पण समजा, उद्या कायदा झाला आणि रजा दोघांत वाटून घ्या असं सांगितलं, तर बाप घेतील का? याचं उत्तर स्वीडनने आधीच देऊन ठेवलंय. त्यांनी १९७४ मध्ये नुसत्या आईची रजा काढून टाकली आणि दोघांची मिळून सहा महिन्यांची पगारी रजा केली. जगात पहिल्यांदा. तुम्हीच ठरवा कोणी किती घ्यायची. बापांनी किती घेतली? पहिल्या वर्षी शंभर दिवसांतला अर्धा दिवस! मग सरकारने एका दांडगट वेटलिफ्टरचा तान्ह्या बाळाला घेतलेला फोटो काढून जाहिराती केल्या. लोकांना फोटो आवडला, रजा कोणी घेतली नाही. शेवटी १९९५ मध्ये एक महिना बापाच्या नावाने राखून ठेवला. घेतला तर घेतला, नाही तर गेला, बायकोला देता येणार नाही. मग बाप हलले. २००२ मध्ये दुसरा महिना, २०१६ मध्ये तिसरा. आता तिथे साधारण शंभरातले तीस दिवस बाप घेतात.

म्हणजे स्वीडनचा पुरुषही आपल्यासारखाच निघाला. :-) फुकट जात असेल तर मात्र सोडायचा नाही, हा स्वभाव कोकण, मावळ आणि स्टॉकहोम सगळीकडे एक. भाच्याकडचे ते वाया जाणारे पाच आठवडे म्हणजे हीच युक्ती.

यात बापाने बाळाला खेळवावं वगैरे गोड भाग आहेच. पण मला पटलं ते दुसऱ्या कारणासाठी. मालकाच्या वहीतला १९२९ पासूनचा तो हिशेब. आज मुलाखतीला मुलगा आणि मुलगी आले की साहेबाच्या मनात येतं, ही सहा महिने जाणार, हा जाणार नाही. दोघंही जाणार असतील तर हिशेब सारखा होईल. आणि पैसे एकट्या मालकाने न देता निधीतून आले तर वहीत लिहायलाच काही उरणार नाही. बाबासाहेबांचा पहिला पदर आणि स्वीडनचा राखीव महिना, दोन्ही जोडल्याशिवाय हे कोडं सुटत नाही असं मला वाटतं.

यावर तुम्ही म्हणाल, हे सगळं पगारदारांचं. बरोबर आहे. आमच्या नाणे मावळात आषाढात भातलावणीला वाकलेल्या बाईला ना सव्वीस आठवडे, ना सव्वीस दिवस. तिच्यासाठी २०१७ पासून मातृवंदना योजना आहे, पहिल्या मुलाला पाच हजार रुपये, तेही हप्त्याने. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. पणजीला तेवढंही नव्हतं, पण पणजी जाऊन किती वर्षं झाली?

आता शेवटचं, जे लिहावं की नाही याचा चार दिवस विचार केला.

१९९४ मध्ये ही लेक झाली, तेव्हा मी एका कारखान्यात होतो आणि बायको एका लहानशा पॅकिंगच्या युनिटमध्ये. दोन्हींची नावं लिहीत नाही. तिला सातवा लागल्यावर मालकाने सांगितलं, आता येऊ नका, नंतर बघू. नंतर काही बघितलं नाही. कायदा तेव्हाही होता, ३३ वर्षांचा जुना. तिला माहीत नव्हता, मला माहीत होता. मी युनियनच्या सभांना जायचो, बारा आठवडे मला तोंडपाठ होते. पण मला वाटलं, बरं झालं, ती घरी राहील, बाळाचं नीट होईल. ती पुन्हा नोकरीला गेली नाही. नंतर कधी तो विषय निघाला की ती गप्प व्हायची आणि मी तिला समाधानी समजायचो.

तेव्हा मी तीन दिवस रजा घेतली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी, लेकीचं लग्न ठरलं त्या सुमारास, मी कोणापुढे तरी फुशारकीने म्हणालो, "आम्हाला काय हो, तीन दिवस मिळाले होते." बायको आतून चहा घेऊन आली आणि सहज विचारावं तसं म्हणाली, "मागितले किती होते?"

तीनच मागितले होते.

या अठरा दिवसांत जावयांना रात्री दोन वाजता पोरीला खांद्यावर घेऊन धुक्यातल्या ओट्यावर येरझारा घालताना पाहिलं, तेव्हा मला दर वेळी ते वाक्य ऐकू यायचं. मी अळिवाची खीर करायला शिकलो. तीन वेळा करपली, चौथ्यांदा जमली. लेक म्हणाली, "बाबा, आईसारखी झालीय." खोटं बोलली, पण बरं वाटलं.

आता तिची रजा संपली. ती कामावर जाते. आठवड्यातून दोन दिवस मी लोकलने खाली जातो आणि नातीला सांभाळतो. याला कुठल्या कायद्यात रजा म्हणत नाहीत, पण मी तिला माझे १९९४ चे राहिलेले दिवस म्हणतो. हिशेब केला, बारा आठवडे भरायला अजून बरेच दिवस आहेत.

असो. उद्या सकाळची लोकल गाठायची आहे. थांबतो.